पीएच पट्ट्यांची दोन पाकिटं, एक पेन आणि रविवारचं केस धुणं

घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकते. ० ते १४ मोजणाऱ्या पट्ट्या: पाचपैकी दोन तारे. ४ ते ७ मोजणाऱ्या पट्ट्या: साडेचार. पंधरा डॉलरचं पीएच मोजणारं डिजिटल पेन: एक तारा, तोही त्याच्या डबीला. डबी खरंच छान आहे, तिच्यात आता लेकीचे रबरबँड असतात.

वेळ असेल तर पुढे वाचा.

मी बाल्टिमोरला राहते. नवरा इथलाच, कृष्णवर्णीय अमेरिकन घरातला. लेक नऊ वर्षांची आणि केस पूर्ण बाबांच्या घरचे: मागे बारीक घट्ट स्प्रिंगा, पुढे कपाळापाशी नागमोडीसुद्धा नाही, सरळ झेडच्या आकाराच्या घड्या. इथे त्याला फोर-ए, फोर-बी म्हणतात. मी वाढले ती तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालण्यात. त्यातलं काही म्हणता काही इथे चालत नाही. लेक लहान असताना मी तिचे केस कोरडेच विंचरायला घेतले होते, तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातातून कंगवा काढून घेतला आणि म्हणाल्या, "बेबी, हे केस आहेत, गवत नाही." तेव्हापासून रविवार म्हणजे केस धुण्याचा दिवस. आठ भाग करायचे, ओले करायचे, कंडिशनर लावून टोकापासून वर जाड दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, मग न धुता ठेवायचं क्रीम, मग पीळ घालायचे, रात्री सॅटिनची टोपी. साडेतीन तास जातात. लेक त्यात दोन सिनेमे बघते.

गेल्या हिवाळ्यात टोकं तुटायला लागली. बेसिनमध्ये पांढऱ्यावर काळे बारीक तुकडे दिसायचे. मुळापासून गळलेले केस नव्हेत, मध्येच मोडलेले. तिच्या वेण्या घालणाऱ्या बाईंनी विचारलं, "बाटल्यांचा पीएच कधी बघितलास?" मी म्हटलं, बाटलीवर 'पीएच बॅलन्स्ड' लिहिलंय की. त्या हसल्या. बॅलन्स्ड म्हणजे किती, हा आकडा बाटलीवर कुठेच नव्हता. इथे घटकांची यादी छापावी लागते, पीएच छापायची सक्ती नाही.

पीएच म्हणजे आपला शेतीच्या पानांवरचा 'सामू'. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ही मोजपट्टी काढली. बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा, आणि आज तिची पट्टी माझ्या न्हाणीघरात. ७ म्हणजे मधला, खाली आम्ल, वर अल्कली, आणि दर एका अंकाला दहापट फरक. हे दहापट लक्षात ठेवा, कारण ५ आणि ७ जवळजवळ सारखेच वाटतात आणि तिथे शंभरपटीचा फरक असतो.

डोक्याच्या त्वचेचा पीएच साधारण ५.५, केसाच्या दांड्याचा त्याहून खाली, ३.६७ च्या आसपास. केसावर कौलांसारखे खवले एकावर एक रचलेले असतात. अल्कलीत केस पाणी पिऊन फुगतो आणि कौलं उचलली जातात. मग केसावर केस घासतो, अडकतो, मोडतो. सरळ केसात डोक्याचं तेल घसरत टोकापर्यंत जातं. स्प्रिंगच्या केसात ते पहिल्या दोन वळणांतच थांबतं, आणि प्रत्येक वळण ही मोडायची एक जागा. म्हणून जे शॅम्पू माझ्या केसांना चालून जातात ते लेकीच्या केसांना चालतीलच असं नाही. २०१४ मध्ये १२३ शॅम्पूंचा अभ्यास छापून आला होता. त्यात पीएच ३.५ पासून ९ पर्यंत सापडला. दुकानात सगळ्या बाटल्या एकाच फळीवर असतात.

तर पहिलं पाकीट. शंभर पट्ट्या, नऊ डॉलर, ० ते १४. प्रत्येक पट्टीवर चार रंगीत चौकोन, पाकिटावर रंगांचा तक्ता. सगळ्यात आधी लेकीने आपली थुंकी मोजली, मग संत्र्याचा रस, मग साबण. त्या दृष्टीने पाकीट पैसे वसूल आहे. केसांसाठी मात्र गोची अशी की आपल्याला हवा असलेला सगळा खेळ ४ ते ६ मध्ये असतो आणि तक्त्यावर ५ आणि ६ हे मोहरी रंगाचे दोन भाऊ. दिव्याखाली ५, खिडकीत ६. नवरा म्हणाला साडेपाच, कारण त्याला भांडण नको होतं. त्या दिवशी मी अर्धं भरलेलं न धुता लावायचं क्रीम ७ आहे समजून फेकलं. चौदा डॉलरचं. नंतर कळलं की मी पट्टी क्रीमच्या गोळ्यात खुपसून पाच मिनिटं विसरले होते आणि मग रंग बघितला होता. पट्टी दोन सेकंद बुडवायची, झटकायची आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेत वाचायची. उशिरा वाचलेला रंग हा पट्टीचा नसतो, आपल्या आळसाचा असतो.

मग दुसरं पाकीट, ४ ते ७, अर्ध्या-अर्ध्याहून बारीक पायऱ्या, अठरा डॉलर. महाग वाटलं, पण फरक पहिल्याच पट्टीला दिसला: ४.५ पिवळट, ५.५ हिरवट, ६.५ निळसर. कोणाला विचारायची गरज नाही.

घट्ट पदार्थासाठी माझी पद्धत सांगते, पाकिटावर ती नाही. एक चमचा कंडिशनर, नऊ चमचे डिस्टिल्ड पाणी, काचेच्या वाटीत नीट ढवळायचं आणि मग पट्टी. नळाचं पाणी नको; त्याचा स्वतःचा पीएच आणि क्षार मध्ये येतात. इथल्या पर्यावरण खात्याची पिण्याच्या पाण्यासाठीची शिफारस ६.५ ते ८.५ आहे, म्हणजे नळाचं पाणी मुळातच केसापेक्षा अल्कलीकडे झुकलेलं. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात पट्टी बुडवून "हे तर सहा दाखवतंय" म्हणून घाबरू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. मी घाबरले होते. दुकानात परत न्यायला निघाले होते.

आणि तेलात, शिया बटरमध्ये पट्टी बुडवू नका. पाणीच नाही तर पीएच कुठून येणार? पट्टी फक्त तुपात पडलेल्या कागदासारखी पारदर्शक होते. ऑनलाइन खोबरेल तेलाला पीएच लावून विकणारे आहेत, त्यांना नमस्कार.

आता घरातल्या बाटल्या. गुंता सोडवायचा फवारा ४.५, शाब्बास. कंडिशनर ४.५ च्या खालीच. केस बसवायचं जेल ६.५ ते ७; थोडी निराशा झाली, पण जेल घट्ट करणारे काही पदार्थ आम्ल मारल्याशिवाय घट्टच होत नाहीत, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. शॅम्पूच्या यादीत 'सोडियम हायड्रॉक्साइड' वाचून मी किंचाळले होते. तो कॉस्टिक सोडाच, पण तळाशी, चिमूटभर, पीएच जागेवर आणण्यासाठी घातलेला. त्या शॅम्पूची पट्टी ५.५ आली. नुसतं लेबल वाचून मी तो फेकला असता, पट्टीने वाचवला.

खरा धक्का लेकीच्या 'डोळ्यांत पाणी येणार नाही' शॅम्पूचा. पट्टी पूर्ण निळी, ७. त्यात फसवणूक नाही. अश्रूंचा पीएच साधारण ७.४, म्हणून डोळ्याला न झोंबणारा शॅम्पू तिथेच ठेवतात. बाटली डोळ्यांची काळजी घेत होती, आणि आम्ही चार वर्षं ती केसांची समजत होतो. नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांनी पट्टी लावावी.

सासूबाईंचा काळा साबण हा वेगळाच विषय. घानाहून येतो, केळ्याच्या साली आणि कोकोच्या शेंगांची राख घालून केलेला, त्यांच्या चर्चमधल्या मैत्रिणीकडून. ४ ते ७ ची पट्टी त्याच्यापुढे लगेच हात टेकते. ० ते १४ वाली काढली तर ९ आणि १० च्या मध्ये. राखेचा साबण अल्कलीच असणार, तो साबणाचा धर्म आहे. मी चिंचेसारखं तोंड करून हे सांगायला गेले. सासूबाई म्हणाल्या, "मग? मी तो डोक्यावर ठेवून झोपते का?"

मला तीन महिन्यांत आणि पन्नास पट्ट्यांत जे कळलं नव्हतं ते हेच. साबण दोन मिनिटं लागतो, धुतला जातो, वर ४.५ चा कंडिशनर येतो, कौलं पुन्हा बसतात. तरीही मी तो लेकीला महिन्यातून एकदाच लावते, जेल थापलं गेलं की. पण जे क्रीम रविवारी लावलं की पुढच्या रविवारपर्यंत केसात राहतं, त्याचा आकडा खरा महत्त्वाचा. आता माझ्या पट्ट्या तिथे खर्च होतात. धुऊन जाणाऱ्या गोष्टींना अर्ध्याची सूट, राहणाऱ्यांना नाही.

व्हिनेगरबद्दल दोन शब्द, कारण सगळे तेच सांगतात. सफरचंदाचं व्हिनेगर २.५ च्या आसपास. मला वाटलं दहापट पाणी घातलं की साडेतीन होईल. पट्टी आपली पिवळी ती पिवळीच. व्हिनेगर हे सौम्य आम्ल आहे. दहापट पाण्याने त्याचा पीएच एक नाही, जेमतेम अर्धा अंक वर जातो. शंभरपट केलं तरी साडेतीनच्या आतबाहेर. तेव्हा इथे पट्टी कामाची नाही, चमचा कामाचा: मोठ्या मगभर पाण्यात एक चमचा, आणि डोक्याला खरचटलेलं असेल तर तेही नको. लेकीला वास आवडत नाही, म्हणून आमच्याकडे बंदच. बेकिंग सोड्याने केस धुवा म्हणणाऱ्यांसाठी: त्याचं पाणी ८.३ च्या आसपास. नाही.

पेनबद्दल थोडक्यात. आधी ६.८६ आणि ४.०१ अशा ठरलेल्या पीएचच्या पुड्या मोजून पाण्यात घालून त्याला शिकवावं लागतं, टोक ओलं ठेवावं लागतं, आणि कंडिशनरचा तुपकट थर काचेच्या गोळीवर बसला की ते काहीही सांगतं. चौथ्या रविवारी त्याने तेच शॅम्पू ५.४, ५.९ आणि ६.३ सांगितलं. मत्स्यालयासाठी चांगलं असेल.

बारीक पट्ट्यांचा अर्धा तारा कापला तो दोन कारणांनी. जांभळा किंवा गडद रंगाचा पदार्थ असला की पट्टी त्याच रंगात रंगते आणि काही वाचता येत नाही. आणि डबीचं झाकण सैल आहे; न्हाणीघरात ठेवलेल्या पहिल्या वीस पट्ट्या वाफेने आधीच हिरव्या झाल्या. कपाटात ठेवा. पट्टी हे पण सांगत नाही की क्रीम गुंता सोडवेल की नाही. माझ्याकडे ४.५ चं एक कंडिशनर आहे, आकडा आदर्श, कंगवा मात्र त्यात रुतून बसतो. टोकं कमी तुटायला लागली हे खरं, पण त्याच महिन्यात आम्ही टोकं छाटली आणि सॅटिनची टोपी रोज घालायला लागलो, तेव्हा सगळं श्रेय पट्टीला देणार नाही.

एक राहिलं. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे लेकीला दाखवत होते. हळदीच्या पाण्यात टिपकागद बुडवून वाळवला, त्यावर काळ्या साबणाचा थेंब टाकला आणि कुंकवासारखा ठिपका उमटला. कंडिशनरचा थेंब पिवळाच राहिला. लेक टाळ्या वाजवत होती. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे गुलाबी व्हायचं."

तरुणपणी त्या केस सरळ करायचं औषध लावायच्या, दर सहा आठवड्यांनी. कॉस्टिक सोड्याचं, पीएच १२ च्या वर; ड्रेन साफ करायचा सोडा तोच. कानामागे अजून वण आहे. ते धुतल्यावर एक वेगळा शॅम्पू लावायचा, आणि औषधाचा अंश केसात उरला असेल तर फेस गुलाबी व्हायचा. पांढरा होईपर्यंत धुवत राहायचं. त्यांची आई सिंकपाशी उभी राहून ओरडायची, "अजून गुलाबी आहे, खाली वाक!" मला वाटत होतं घरात पीएच मी आणला.

जाताना त्यांनी ० ते १४ च्या पाकिटातल्या सहा पट्ट्या पर्समध्ये टाकल्या. चर्चमधल्या मैत्रिणीचा साबण दर खेपेला सारखाच येतो का, ते बघायचंय म्हणे.