मखमलाबादला घरी येणारा नालबंद: हाताला 5 तारे, घड्याळाला 2

खुराच्या बुरशीवर पंधरा दिवसांत गुण देतो म्हणणारे नाशकात बरेच भेटतील. हा गडी पहिल्याच भेटीत म्हणाला, "दादा, खूर महिन्याला सेंटीमीटरभरसुद्धा वाढत नाही. वरून खालपर्यंत नवा यायला वर्ष धरा." तिथेच मला पटला.

घोडी मारवाडी, सारंगखेड्याच्या बाजारातली. पावसाळ्यात पुढचा डावा पाय जपायला लागली. खुराची भिंत तळव्याला जुळते तिथे कोरलं की पांढरट भुसा पडायचा. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, औषध लिहून दिलं आणि वर सांगितलं, आधी नालबंद आणा, नुसतं वरून औषध ओतून आत पोचत नाही.

यानं हातोडीनं खुरावर टकटक केलं. जिथून पोकळ आवाज आला तिथपर्यंतचा सुटलेला भाग तासून काढला, रक्ताचा थेंब नाही. ही बुरशी अंधाऱ्या, बंद फटीत माजते, म्हणून जागा उघडीच ठेवली. शेजारचे आबा जळकं ऑईल घेऊन आले होते, त्यांना हात जोडून परत पाठवलं. औषधात मोरचूद निघालं तेव्हा मला हसू आलं. द्राक्षवाल्याकडे बोर्डोच्या फवारणीसाठी ते असतंच. पण यानं बजावलं: डॉक्टर सांगतील तेवढंच, मेलेल्या खुरावरच, जिवंत भागाला लागलं तर भाजतं.

याच्याकडून ऐकण्यासारखं म्हणजे मुलखामुलखाचा फरक. मारवाडात वाळूवर खूर सुकून तडकतात, बुरशी त्या तड्यांतून शिरते. तिथे तो खुराला तेल लावायला सांगतो. घोटी-इगतपुरीकडे उलटं. खूर भिजून मऊ पडतो आणि तळाच्या मधल्या त्रिकोणी भागाच्या खाचेत काळी, घाण वासाची चिकटी साठते. ती बहुतेक जीवाणूंची करामत, असं डॉक्टरही म्हणाले. तिथे रोज कोरून साफ करणं आणि कोरडी जागा हाच निम्मा इलाज. आमच्याकडे त्यानं तेल बंद करायला लावलं, मुताची ओल निघून जाईल असा तबेल्याला उतार काढायला सांगितलं आणि रोज खाली अंथरलेला भुसा बदलायला लावला. तो खर्च वेगळा, नालबंदाच्या 1500 रुपयांत धरू नका.

आता तक्रार. "उद्या सकाळी येतो" म्हणजे परवा संध्याकाळी. फोन तिसऱ्या वेळेला उचलतो, पैसे रोखच घेतो. नाल तयार आणतो, तापवून बसवत नाही. आमच्या घोडीला चाललं, वाकड्या खुराच्या जनावराला चालेलच असं नाही.

दर पाच-सहा आठवड्यांनी तासणी लागते. पुढची तारीख तुळशीच्या लग्नाआधीच पक्की करून घ्या, नंतर वरातीचे घोडे त्याला सोडत नाहीत.