रहस्यकथेसाठी कोणते विस्मरण: आघाताचे की उतारवयाचे?

ठाण्याच्या नौपाड्यातील जुन्या घरात घडणारी, कुटुंबाच्या गुपितावर उभी असलेली रहस्यकथा लिहायची, तर स्मृती कशी हरवावी हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डोक्याला मार लागून आलेले विस्मरण कथेला वेग देते. परंतु त्यात बहुधा अपघाताच्या आसपासच्याच आठवणी पुसल्या जातात, आणि दुसऱ्या आघाताने त्या परत येणे ही निव्वळ कल्पना आहे.

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये प्रथम मांडलेल्या, त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या उतारवयातील विस्मरणाच्या आजाराचे बळ वेगळे आहे. त्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, लवकर खालावतो. त्यामुळे सकाळचा चहा विसरणारी आजी चाळीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ बारकाव्यांसह सांगू शकते. मासुंदा तलावाकाठच्या बाकावर ती नातीचे मनगट घट्ट धरते, तिला भलत्याच नावाने हाक मारते आणि म्हणते, "बाळाला त्यांच्या हाती देऊ नकोस गं." घरात त्या नावाचे कोणीच नाही.

मी हीच वाट निवडेन. आजी खोटे बोलत नाही, तरीही तिचा शब्द पुरावा ठरत नाही, कारण हा आजार आठवणींची सरमिसळही करतो. मात्र तिला लेखकाच्या सोयीने शुद्धीवर आणू नये. आजारी माणसाची ती विटंबनाच होय.