पीएस४ आणि घरचं वायफाय: आठ महिन्यांनंतर

गणपतीच्या आधी सेकंडहँड पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ गेम कन्सोल) घेतला, अगदी पहिलं, जाडजूड मॉडेल. मशीन ठणठणीत. आठ महिने डोकं खाल्लं ते वायफायने, आणि त्यात निम्मी चूक माझीच.

पहिल्या दिवशी यादीत शेजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसली, आमचंच नाही. वायफायच्या फ्रिक्वेन्सी पट्ट्यांपैकी हे मॉडेल फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतं. ५ गिगाहर्ट्झ पुढच्या स्लिम आणि प्रोमध्ये आलं. मी नव्या राउटरवर हौसेने २.४ बंदच करून टाकलं होतं. ते चालू केलं, नाव दिसलं, तरी जोडणी होईना. सिक्युरिटीत नुसतं डब्ल्यूपीए३ (वायफाय सुरक्षेचं नवं मानक) निवडलेलं. ते आलं २०१८ मध्ये, मशीन २०१३ चं. शेवटी २.४ ला वेगळं नाव देऊन त्याच्या आधीचं डब्ल्यूपीए२-एईएस ठेवलं, फोन-लॅपटॉप ५ वर डब्ल्यूपीए३ नेच चालतात.

मग पासवर्ड. बावीस अक्षरी, मीच मोठ्या अभिमानाने ठेवलेला. कंट्रोलरने एकेक अक्षर टिपायचं, मुलगा फोनवरून वाचून दाखवतोय. "के." "मोठा की छोटा?" "मोठा. मग शून्य." "शून्य की ओ?" "...बाबा, दोन्ही सारखेच दिसतात." चौथ्या खेपेला लागला. आता पासवर्ड तितकाच लांब आहे, पण सगळी छोटी लिपी, पाच असंबद्ध शब्द. ओ आणि शून्याची भानगडच नको.

ऑफिसातल्या एकाचा सल्ला: "पासवर्ड काढ, मॅक फिल्टर लाव." मुळीच ऐकू नका. मॅक फिल्टर म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक (मॅक ॲड्रेस) बघून आत घेणं. पण तो हवेत उघडाच फिरतो, कोणीही उचलून आपल्या लॅपटॉपला चिकटवू शकतो. डब्ल्यूपीएसही (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) मी बंद केलंय. त्याच्या पिनमधली खोट २०११ मध्येच चव्हाट्यावर आली.

मधे महिनाभर कन्सोल गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) ठेवून पाहिला. सुरक्षित वाटतं खरं, पण तिथली उपकरणं घरच्या बाकीच्यांना दिसत नाहीत. लॅपटॉपवर रिमोट प्ले (कन्सोलवरचा गेम लॅपटॉपवर खेळायची सोय) लावलं की कन्सोल सापडेचना. परत आणला.

स्पीडचं म्हणाल तर डब्ल्यूपीए२ मुळे गेम अडकतो हा निव्वळ गैरसमज. आमच्याकडे अडकायचा तो लोखंडी कपाटामुळे, राउटर आणि बेडरूमच्या बरोबर मधे उभं असलेल्या. राउटर दारावरच्या फळीवरून पॅसेजमध्ये आणला, चॅनल ऑटोवरून काढून ११ वर ठेवला, तेव्हा कुठे संध्याकाळी खेळण्याजोगं झालं. मोठं डाउनलोड मात्र आजही रात्री लावून झोपतो.

मित्रांशी व्हॉइस चॅट लागेना. कनेक्शन टेस्टमध्ये नॅट टाइप ३ दिसत होता, म्हणजे बाहेरच्यांशी थेट जोडणीला सगळ्यात कडक प्रकार. यूपीएनपी (कन्सोलला राउटरमधली वाट आपोआप उघडू देणारी सेटिंग) चालू केलं, फरक शून्य. मग राउटरच्या पानावर पाहिलं तर बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे कंपनीनेच अनेक घरं एका पत्त्यामागे बसवलेली. तिथे आपल्या सेटिंगने काही होत नाही. दरमहा जादा पैसे भरून पब्लिक आयपी (फक्त आपल्या घराचा इंटरनेट पत्ता) घेतला, कन्सोलचा आतला पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला, गेमला लागणारे पोर्ट (आत येणाऱ्या डेटाचे क्रमांकित दरवाजे) फक्त त्याच्याकडे वळवले आणि यूपीएनपी पुन्हा बंद केलं. टाइप २ मिळाला. पत्ता राखायला विसरू नका. मी आधी विसरलो होतो, एकदा लाइट गेली नि कन्सोलला दुसराच पत्ता मिळाला, पोर्ट भलतीकडे.

खरं औषध लॅन केबल. पंधरा मीटरची आणलीय, पण पॅसेजमधून लोंबती वायर बायकोला मंजूर नाही. दिवाळीआधी रंगकाम निघालं की पट्टीतून टाकायची असं ठरलंय. तोवर गुंडाळी कपाटावर.