तलवार की गिलोटिन?

१७९१ मध्ये फ्रान्सने ठरवलं, मृत्युदंड म्हणजे सरसकट शिरच्छेद. पूर्वी तलवार सरदारांसाठी, सामान्यांना फास. मग हत्यार कोणतं, यावर घोडं अडलं.

पॅरिसचा जल्लाद सांसाँ याने लेखी कळवलं: तलवारीला कसलेला हात हवा, कैदी निश्चल हवा, शिवाय दर वारानंतर धार लावणं आलंच. ओळीने माणसं आली की संपलं! गिलोटिन म्हणजे उंच चौकटीतून मानेवर पडणाऱ्या पात्याचं यंत्र; त्याच्या तिरक्या पात्याला यातलं फारसं लागत नाही.

खर्च? हे यंत्र बनवायला सुताराने ५,६६० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मागितले; हार्पसिकॉर्ड हे पियानोसारखं वाद्य बनवणाऱ्या श्मिटने ९६० मागितले, काम त्यालाच मिळालं.

बघ्यांसाठी मात्र तलवारच सरस. २५ एप्रिल १७९२ ला गिलोटिनने पहिला शिरच्छेद झाला तेव्हा गर्दी हिरमुसली, इतकं झटपट उरकलं.

एखाददुसऱ्या सरदारापुरती तलवार पुरते. सगळ्यांना एकच शिक्षा, तीही रांगेने, द्यायची तर गिलोटिनच.