जेडच्या बांगड्या म्हणून सात काचा आणि एक दगड: ५०,६०० रुपये गेले

आकडा आधीच लिहून टाकते. ५०,६००. घरी मी पहिल्या दिवशी १३,००० सांगितले, मग चार दिवसांनी २०,०००, आणि खरं काय ते दिवाळीनंतर तोंडातून निघालं. एका दमात सांगायची हिंमत नव्हती.

गावाचं नाव लिहीत नाही. वऱ्हाडातलं कापूस-सोयाबीनचं गाव आहे, तालुका बारा किलोमीटरवर. २०२४ च्या दसऱ्यानंतर तालुक्याला बसस्टँडजवळच्या एका हॉलमध्ये ‘मोफत थेरपी शिबिर’ लागलं. गरम दगडांच्या पलंगावर चाळीस मिनिटं झोपायचं, पैसे नाहीत. असली शिबिरं तुम्हीही पाहिली असतील, पुढं काय होते ते सगळ्यांना ठाऊक असते. मलाही ठाऊक होतं. पण माझे गुडघे खरंच दुखत होते आणि त्या पलंगावर खरंच बरं वाटत होतं. गरम पाण्याच्या पिशवीनंही वाटलं असतं, हे आता सुचते.

तिथली पोरं येणाऱ्या प्रत्येक बाईला ‘आई’ म्हणत, पाया पडत. आठव्या दिवशी बांगडी निघाली, जेड नावाच्या मौल्यवान दगडाची म्हणून. लाल मखमली डबी, हिरवीगार, जाड, अखंड. विकणारा पोरगा म्हणाला, “आई, चीनमध्ये सोन्यापेक्षा जेडला मान आहे.” हे खोटं नाही, तिकडे मान आहेच. अशा लोकांची हीच रीत, चार गोष्टी खऱ्या सांगायच्या आणि पाचवी आपली सरकवायची. पाचवी म्हणजे बांगडी नसेवर बसली की बीपी उतरते, शुगर उतरते, गुडघे मोकळे होतात. मूळ किंमत १८,०००, शिबिरात ६,५००.

मग परीक्षा. त्यानं माझ्याच डोक्याचा एक केस मागितला, बांगडीभोवती घट्ट गुंडाळला आणि काडी पेटवून धरली. केस जळला नाही. “काच असती तर जळला असता.” आम्ही सगळ्या बाया तोंडाला पदर लावून बघत होतो. नंतर घरी मी हाच प्रयोग सोड्याच्या रिकाम्या बाटलीवर केला. तिथंही जळला नाही. केस घट्ट चिकटून असला की आच खालची वस्तू ओढून घेते, मग ती जेड असो की बाटली. गार लागते म्हणून खरी, हेही तसंच. काचही गारच लागते.

माझ्या हाताला २.६ लागते. त्यानं २.४ काढली. मी म्हटलं, लहान होईल. तर म्हणे, “जेड अशीच बसवतात, नसेला टेकली पाहिजे.” हाताला साबण लावला, वरून प्लास्टिकची पिशवी चढवली आणि ओढून घातली. डोळ्यात पाणी आलं माझ्या. “आता काढायची नाही आई, काढली की शक्ती जाते.” बांगडी निघत नाही म्हणजे ती काढून कोणाला दाखवणंही होत नाही, एवढं साधं गणित तेव्हा डोक्यात आलं नाही. साबण-पिशवीनं घालायची रीत खऱ्या जेडचीही आहे, कारण ती अखंड असते. पण मापापेक्षा एक नंबर लहान कोणी देत असेल तर तिथूनच उठा.

एक मला, एक पोरीला, १३,००० फोनवरून दिले. पैसे ज्याच्या खात्यात गेले ते नाव शिबिरातल्या कोणाचंच नव्हतं. विचारलं तर “अकाउंटवाले सर आहेत.” बरं.

आता माझा दोष. आमच्या बचत गटाची सचिव मी. त्यानं ते बरोबर हेरलं. “पाच जणी आणा, त्यांना ५,८०० मध्ये देतो. लाडक्या बहिणीचे साडेसात हजार आलेच आहेत ना खात्यात?” आले होते. पाच हप्ते, ७,५००, नुकतेच. त्याला आमच्या पासबुकातली रक्कम आमच्या नवऱ्यांपेक्षा जास्त पाठ होती. पाच गुणिले ५,८००, म्हणजे २९,०००, सगळे रोख. वरून प्रत्येक बांगडीमागे ३५० ‘सर्टिफिकेट’चे. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, कागदावर. आम्ही ४,१०० नं विकलं. म्हणजे एकेका बाईनं जवळजवळ दीड क्विंटल सोयाबीन मनगटात घातलं.

इथं थांबून सांगायलाच पाहिजे, कारण खरा घाव इथला आहे.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर मी बांगड्या वाटत होते. आमच्याकडे बांगड्या भरायला एक कासारीण आजी येते, दर सणाला. माझ्या लग्नाचा हिरवा चुडा तिनंच भरला होता. ती नेमकी आली, टोपली खाली ठेवली आणि न विचारता दोन बांगड्या उचलल्या. एक बोटावर अडकवून दुसरीनं हळूच टिचकी दिली. कान जवळ नेला. पुन्हा टिचकी दिली. मग बल्बासमोर धरून आतल्या कडेवरून अंगठा फिरवला.

“बाई, हे काच हाय.”

मी म्हटलं, “आजी, जेड आहे, सर्टिफिकेट आहे.”

“जाडी हाय म्हनून का काच नोहे? पन्नास वर्सं झाले काच विकून राह्यली मी. हे पाय, आत फोड हाय.”

बोट ठेवून दाखवला तिनं मला तो फोड. तांदळाच्या कणीएवढा बुडबुडा, स्वच्छ गोल. मी पाहिला. पाहिला, असं लिहिताना आज हात थरथरते. आणि दुसरी गोष्ट तिनं नाही, मीच पाहिली. दोन बांगड्यांवर पांढरी रेघ होती, एकाच जागी, एकाच वळणाची, शेवटाला तोच फाटा. एका दगडातून कापल्या असतील, अशी समजूत मीच माझी घातली. दगडाची नस कधी हुबेहूब दोनदा येते का? पऱ्हाटीची दोन बोंडं सारखी नसतात.

मी आजीला काय म्हटलं ते ऐका. “तुमचा धंदा बसेल म्हणून बोलता का?” पाच बायांसमोर. तिनं टोपली उचलली, डोक्यावर घेतली, गेली. त्या दिवशी पाणीही पिली नाही.

माझ्या बाजूनं एवढंच म्हणते की माझ्या हातातली बांगडी काच नव्हती. सुईनं ओरखडा पडत नव्हता, बुडबुडा नव्हता, उन्हात आत बारीक चमचम दिसायची. दाखवायचा नमुना त्यानं दगडाचा ठेवला आणि तो माझ्या हातात घातला, म्हणजे मी छातीठोक सांगत फिरेन. फिरले.

पंधरा दिवसांत गटातल्या एका मावशीची बांगडी हापशावर आपटून फुटली. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण त्या माणसानं त्याच्याही पुढची सोय आधीच करून ठेवली होती. “जेड तुटली तर समजायचं, तुमच्यावरचं संकट तिनं अंगावर घेतलं.” अशी समजूत चीनमध्ये खरोखर आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची. इथं ती काच खपवायला कामी आली. मावशीनं मारुतीला नारळ फोडलं आणि दुसरी बांगडी आणली. ५,८०० आणि ३५०. संकट टळल्याचा आनंद होता तिला.

तुकडे मात्र तिनं देव्हाऱ्यात ठेवले होते. माझा भाचा नागपूरला शिकतो, दिवाळीला आला. त्यानं तुकडा हातात घेतला आणि म्हणाला, “मामी, ही बाटली आहे.” तुटलेली कड गुळगुळीत, चकचकीत, शिंपल्यासारखी वळलेली. जेड अशी तुटत नाही. तिच्या आत बारीक दाण्यांची, तंतूंची गुंतागुंत असते, तुटली तरी कड ओबडधोबड, मंद दिसते.

साबण लावून, अर्धा तास रडत, माझी बांगडी काढली आणि सगळ्या घेऊन नागपूरला इतवारीत एका खड्यांच्या जाणकाराकडे गेलो. भला माणूस, पैसे घेतले नाहीत. त्यानं नुसता तराजू आणि पाण्याचा पेला घेतला. पोरीची बांगडी ५५ ग्रॅम. दोऱ्यानं पाण्यात लोंबकळवून वजन केलं, ३३. बावीस ग्रॅम घट. पंचावन्नला बावीसनं भागा, अडीच, म्हणजे पाण्याच्या अडीचपट जड. काच. खरी जेडाइट असती तर घट साडेसोळाच्या आसपास आली असती, नेफ्राइट असती तर साडेअठरा. जेड म्हणतात ते हे दोन वेगळे दगड, एका फ्रेंच माणसानं १८६३ मध्ये वेगळे ओळखले. जेडाइट मुख्यतः म्यानमारच्या काचिन भागातून येते आणि चांगल्या बांगडीची किंमत लाखांच्या घरात जाते. ६,५०० मध्ये, बसस्टँडजवळ, पलंगासोबत नाही. खऱ्या दगडातही ए, बी, सी असे प्रकार निघतात. ए म्हणजे नैसर्गिक, बी म्हणजे आम्लात धुऊन आत प्लास्टिक भरलेला, सी म्हणजे रंगवलेला. कोणी नुसतं ‘ओरिजिनल जेड’ म्हणालं तर ‘कोणता? ए का?’ एवढंच विचारा आणि त्याचं तोंड पाहा.

माझी ६२ ग्रॅमची, घट २३.४. भागाकार २.६५. हिरवं एव्हेंच्युरीन. गारगोटीच्या जातीचा दगड, आपल्याच देशात निघतो, अभ्रकाच्या कणांनी चमकते. ‘इंडियन जेड’ म्हणून खपवतात, जेड नाही.

आठही सर्टिफिकेटांवर वजन एकच छापलेलं होतं, ५५.२ ग्रॅम. माझ्या ६२ वालीचंही. कापसाच्या काट्यावर पाव किलोसाठी आम्ही व्यापाऱ्याशी तासभर भांडतो, आणि घरात काटा असून ही बांगडी कोणी तोलली नाही. ‘हॉलमार्कवाली आहे’ असंही तो म्हणाला होता. हॉलमार्क सोन्या-चांदीला असते, दगडाला नाही.

आता सरकारी दरवाजे. १८ नोव्हेंबरला ठाण्यात गेलो. २० ला विधानसभेचं मतदान. “बंदोबस्त आहे, २३ नंतर या.” २३ ला निकाल, म्हणून २५ ला गेलो. तोवर हॉलला कुलूप, फोन बंद. “बिल दाखवा.” बिल नव्हतं, ‘सेवा शुल्क’ लिहिलेली चिठ्ठी होती, त्यावर ना जीएसटी नंबर ना पत्ता. “मग तुम्ही काहून घेतलं?” हे मलाही माहीत असतं तर ठाण्यात कशाला आले असते? वर हे की तुमचं गाव दुसऱ्या ठाण्यात येते, तिकडे द्या. दुसऱ्या ठाण्यात म्हणे, घटना तालुक्याला घडली, तिकडेच द्या. हद्द कोणतीही असो, गुन्हा शून्य नंबरनं नोंदवून पुढे पाठवावा लागतो, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात तसं स्पष्ट आहे, हे भाच्यानं सांगितलं. मी ठाण्यात बोलून दाखवलं तर हवालदार हसला. “ताई, वकिली करता का?” तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, शिक्का मारला, तोही मागून.

१९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तिथं फोन केला. तिकडून, “तुम्ही वस्तू घेऊन स्वतः पैसे दिले, हे सायबर नाही.” तक्रार नोंदवली, महिन्यानं बंद झाल्याचा मेसेज आला. कारण लिहिलेलं नाही. १९१५, ग्राहकांची हेल्पलाइन, नीट बोलले, पण समोरच्याचा पत्ता हवा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण नोटीस पाठवायला तिथंही पत्ताच हवा. पत्ता हॉलवाल्याकडे, त्यानं भाडेकरूचं आधार घेतलं होतं. तो म्हणते पोलिसांनी मागितलं तर देतो. पोलीस म्हणतात गुन्हा दाखल झाल्यावर मागू. नगर परिषदेत शिबिराची परवानगी कोणी दिली ते विचारलं, तर एका टेबलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून जेवणाच्या सुट्टीवर. आरोग्य विभागात ऐकलं की औषध विकलं नाही ना, बांगडी विकली, आमच्याकडे येत नाही. अहो, १९५४ चा कायदा आहे, चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींचा, त्यात ताईत-कवचसुद्धा धरलं आहे, मधुमेह आणि रक्तदाबाचे दावे करायला बंदी आहे. गटातल्या एकीनं त्याच्या सांगण्यावरून शुगरची गोळी बंद केली होती, तिला ग्लानी येऊन दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हाही कोणाकडे येत नव्हतं.

रोख देऊ नका. दिलेच तर देतानाचा फोटो काढा. शिबिर सुरू असतानाच तक्रार करा, कुलूप लागल्यावर सगळे मोकळे होतात. आणि गोळी बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याच्यासमोर बसू नका.

आजी संक्रांतीला आली होती. आमच्या दाराशी थांबली नाही. मी धावत गेले, हात पुढे केला. तिनं काही न बोलता डझनभर हिरव्या भरल्या, २.६ च्या, ६० रुपये घेतले. तिचा अंगठा मनगटावरच्या जुन्या वळावर क्षणभर थांबला, एवढंच.

पाच जणींना मी दुधाच्या पैशातून आतापर्यंत प्रत्येकी १,५०० परत केले. पुढचे कसे द्यायचे ते पाहू. दोघी तरीही विचारतात की तुझीच तेवढी दगडाची कशी निघाली. उत्तर देता येत नाही. कारण पाच जणी आणल्या म्हणून त्यानं मला एक हिरवं लॉकेट फुकट दिलं होतं, आणि ते मी घेतलं होतं. गटात हे अजून सांगितलेलं नाही. ते लॉकेट तांदळाच्या डब्यात आहे.