भाकरी मावणारा डबा : पुडाचा, जारवाला आणि विजेचा

डबा घ्यायला जाताना खिशात मोजपट्टी न्यावी, नाहीतर सरळ घरची एक भाकरीच फडक्यात बांधून न्यावी. बेळगावात गणपत गल्लीत, खडेबाजारात भांड्यांच्या दुकानांतून मांडलेले बरेचसे डबे चपातीच्या मापाचे असतात. १६ सेंटिमीटरच्या चपातीची चौघडी साडेअकरा सेंटिमीटरच्या पुडात, म्हणजे डब्याच्या एका कप्प्यात, बसते. जोंधळ्याची भाकरी मात्र १८ ते २० सेंटिमीटरची थापली जाते. तिची चौघडी मावायला पुडाचा आतला व्यास भाकरीच्या रुंदीच्या सात दशांशाहून थोडा जास्त हवा, म्हणजे १८ च्या भाकरीला १३ आणि २० च्या भाकरीला साडेचौदा. १२ च्या पुडात भाकरी कोंबली की घडीवर तुटते आणि दुपारी हाताला चुरा लागतो.

ही फालतू तक्रार नाही, पैशाचा हिशेब इथेच फसतो. बाहेरचं साधं जेवण ९० रुपये धरा आणि महिन्याचे कामाचे दिवस २४. घरच्या डब्याला दोन भाकरींचं सव्वाशे ग्रॅम पीठ, मूठभर डाळ, दीडशे ग्रॅम भाजी, दोन चमचे तेल आणि गॅस मिळून ३० रुपये धरले, तर दिवसाला ६० आणि महिन्याला १४४० रुपये उरतात. ७०० रुपयांचा डबा बाराव्या दिवशी फिटतो. पण डबा अर्धाच खाल्ला गेला आणि चार वाजता भजी-चहाला ३० रुपये गेले, तर महिन्याचे ७२० उडाले, म्हणजे बचत बरोब्बर निम्मी झाली. आकडे आपापल्या दराप्रमाणे बदलून घ्यावेत, गणित तेच राहतं. म्हणून इथे डब्याची पारख एकाच कसोटीवर केली आहे : दुपारी दीड वाजता तो उघडल्यावर आतलं सगळं जेवण संपतं का?

कडीचा पुडाचा डबा. उद्यमबागेत, मच्छेत फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये उभ्याने काम करणाऱ्यांसाठी अजून याच्याइतकं चांगलं काही नाही. १४ ते १५ सेंटिमीटर व्यासाचे आणि पाच सेंटिमीटर उंचीचे दोन पूड बास. अशा एका पुडात पाऊण लिटर मावतं. खाली भात-भाजी, वर भाकरी. तीन-चार पुडांचा डबा दुकानात रुबाबदार दिसतो, पण रोज चार पदार्थ करायला सकाळी कुणाला वेळ असतो? रिकामा पूड वाहून नेण्यात अर्थ नाही.

घेताना पुडाची भिंत अंगठ्याने दाबून बघा, आत दबली तर पत्रा पातळ आहे. वरच्या पुडाचा तळ खालच्या पुडाच्या कडेवर सगळीकडून सारखा टेकला पाहिजे. डुगडुगला तर तिथूनच आमटी बाहेर येणार. दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्याच जोराने बसायला हव्यात. कडीचा कान जिथे पुडाला जोडलेला असतो तिथे वेल्डिंगचे ठिपके मोजा. एकाच ठिपक्यावर लटकलेला कान काही महिन्यांत निखळतो, आणि कान गेला की डबा गेला. दुकानदाराकडून पाणी मागून पूड पाऊण भरा, कडी लावा आणि मिनिटभर तिरका धरा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

स्टीलबद्दल दुकानात लोहचुंबकाचा खेळ हमखास दाखवतात. चुंबक घट्ट चिकटला तर माल हलक्या जातीचा, एवढंच त्यातून कळतं. २०२ आणि ३०४ या दोन्ही जातींना चुंबक जवळपास लागतच नाही, त्यामुळे न चिकटणं म्हणजे ३०४ असा अर्थ होत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. रोज चिंचेची आमटी, ताक किंवा लोणचं न्यायचं असेल तर २०२ वर पुढे तांबूस ठिपके धरतात. शिक्का बघूनच घ्यावं. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे मानक आहे.

या डब्याला रबरी रिंग नसते, तेच याचं बळ आणि तीच याची खोट. धुवायला सोपा, वास धरत नाही, पण पातळ आमटी सांभाळत नाही. मोटारसायकलच्या हुकाला लावला किंवा बसच्या गर्दीत आडवा झाला तर संपलंच. यात घट्ट पदार्थच न्यावेत : झुणका, मोडाची मटकी, सुकी भाजी, भरलं वांगं. काठापासून एक बोट जागा मोकळी सोडायची.

भाकरी भरण्यातही कसब आहे. तव्यावरून काढल्यावर दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या. कोमट असतानाच चौघडी घाला, कारण थंड भाकरी घडीवर तुटते. मग सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. फॉइलमध्ये गुंडाळली तर तिचीच वाफ पाणी होऊन तिला चिकट करते. कढत पाण्यात उकड घेऊन मळलेल्या पिठाची भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते, थंड पाण्यात मळलेली दहा वाजताच ताठ होते.

आमटीचा जार. पुडाच्या डब्याची ही खोट भरून काढायला ३०० मिलिलिटरचा दुहेरी भिंतीचा व्हॅक्यूम जार वेगळा घ्यावा. आमचा कौल याच जोडीला. सगळे कप्पे एकाच उंच थर्मल डब्यात असलेला प्रकार टाळावा, कारण त्यातल्या वाट्या सहसा अरुंद असतात आणि भाकरी पुन्हा बाहेरच राहते. शिवाय गरम आमटीच्या शेजारी बंद होऊन भाकरीला घाम सुटतो.

'गरम राहतो' म्हणून विकले जाणारे सगळे जार व्हॅक्यूमचे नसतात. काहींत दोन भिंतींच्या मध्ये नुसती हवा किंवा फोम असतो. घरी आणल्यावर उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. गळ्यापाशी थोडं ऊन लागणं ठीक, पण पोट तापलं असेल तर व्हॅक्यूम नाही किंवा फुटलेला आहे. बिल जपून ठेवलं असेल तर तसाच परत न्या.

वापरतानाची नेहमीची चूक म्हणजे थंड जारात आमटी ओतणे. आधी उकळतं पाणी घालून पाच-सात मिनिटं ठेवा, ओतून टाका आणि लगेच खळखळ उकळलेली आमटी गळ्यापर्यंत भरा. अर्धा भरलेला जार लवकर निवतो. जेवताना घोटावर फुंकर मारावी लागली तर सगळं बरोबर. कोमट आमटी जारात घालणं तर धोक्याचंच, कारण ६० अंशांच्या खाली जिवाणू भराभर वाढतात आणि जार त्यांना छान ऊब देतो. एप्रिल-मे मध्ये ओल्या नारळाच्या वाटणाची आमटी टाळून चिंच-गुळाची न्यावी. रात्री ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन डब्यात भरू नये. त्यात तयार झालेलं विष परत गरम केल्यानेही जात नाही.

विजेचा डबा. वीज खातो म्हणून याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ४० वॅटचा डबा अर्धा तास चालला तर एका युनिटचा पन्नासावा भाग लागतो. अडचण वेगळी आहे. कार्यालयात टेबलाशी प्लग असेल आणि जेवण भात-वरण-भाजीचं असेल तर हा डबा सोयीचा. कारखान्यात एका मल्टिप्लगवर चौघांचे डबे लागतात, अर्ध्या तासाच्या सुट्टीतली वीस-पंचवीस मिनिटं तापवण्यात जातात आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली तर थंडच खायचं. भाकरीला तर हा डबा मुळीच नको, ती खालून करपट आणि वरून ओली होते. वायर वेगळी मिळते, ती विसरली की त्या दिवशीचे ९० रुपये गेलेच.

सकाळी स्वयंपाक न झालेल्या दिवसाची सोय मात्र कुठल्याच डब्यात नसते, ती कडक भाकरीत असते. या भागात पापडासारखी पातळ, खडखडीत वाळवलेली जोंधळ्याची भाकरी विकत मिळते. कोरड्या हवेत ती पंधरा दिवस सहज टिकते. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, घट्ट दही आणि कांदा घेतला की जेवण झालं. सांडायचं काही नाही, तापवायचं काही नाही. पुडात मावत नाही, तुकडे करून कापडी पिशवीत न्यावी. जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूर-जांबोटीकडच्या पावसात, ती तासाभरात सादळते, म्हणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातच ठेवावी.

दोन बारीक गोष्टी. पुडाच्या डब्यावर दुकानातच नाव घालून घ्या, कारण कारखान्याच्या फळीवर वीस डबे सारखेच दिसतात. जारवर मात्र नाव कोरून घेऊ नका, बाहेरचा पत्रा पातळ असतो, रंगाने लिहा. जारच्या झाकणातली रिंग आठवड्यातून एकदा काढून सोड्याच्या पाण्यात घासावी, तिच्याखाली काळं साठतं आणि सगळा वास तिथूनच येतो. रिंग सैल झाली की जार गळतो, तेव्हा सुटी रिंग मिळते का, हे जार घेतानाच विचारा. मिळत नसेल तर दुसरा जार बघा.