वॉटर सॉफ्टनरसाठी खडे मीठ की मिठाच्या गोळ्या?

जड (क्षारयुक्त) पाणी मृदू करणाऱ्या सॉफ्टनरमधील रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखे बारीक मणी, पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि मिठाच्या द्रावणाने धुतल्यावरच पुन्हा कामाला लागते. त्यामुळे हे द्रावण तयार होते त्या टाकीत कोणते मीठ घालतो, यावर पुढची साफसफाई बरीचशी ठरते.

खडे मीठ स्वस्त पडते, पण त्यात माती, बारीक वाळू आणि सहज न विरघळणारे कॅल्शियम सल्फेट यांचा अंश असतो. हा मळ तळाशी करड्या चिखलासारखा साचतो आणि इंजेक्टरच्या (टाकीतले द्रावण रेझिनकडे ओढणाऱ्या भागाच्या) बारीक छिद्रात अडकला, की द्रावण ओढले जात नाही व टाकीत मीठ भरपूर असूनही नळाला जड पाणी येऊ लागते. म्हणून असे मीठ वापरणाऱ्याने टाकी वर्षातून एकदा तरी रिकामी करून घासावी आणि इंजेक्टरची जाळीही धुवावी.

शुद्ध मिठाच्या गोळ्यांत असा गाळ नगण्य असतो. त्यांचा त्रास वेगळा आहे: दमट जागेत किंवा टाकी काठोकाठ भरल्यास गोळ्या एकमेकींना चिकटून वर घट्ट कवच धरते, खाली पोकळी राहते आणि द्रावण नीट तयार होत नाही. (खडे मिठालाही हे चुकत नाही.) लाकडी दांड्याने हलकेच टोचून कवच फोडावे, लोखंडी कांबीने टाकीला तडा जाऊ शकतो.

कवच फोडणे इंजेक्टर खोलण्यापेक्षा कितीतरी सोपे असल्याने मी निःसंशय गोळ्यांची शिफारस करीन. मात्र बदल करताना जुने मीठ संपवून तळातला गाळ आधी काढावा.